वलीचा अधिकार आणि वधूची मर्जी

विवाह हा संस्कार आहे कीं करार आहे, ह्या वादांत हिंदु धर्मशास्त्र्यांनीं व कायदेपंडितांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. मुसलमानी धर्मशास्त्रानें ह्या प्रश्नाचा निकाल प्रारंभींच लावून टाकला. निकाह हा करार आहे. एका पक्षानें प्रस्ताव करावा, दुसऱ्या पक्षानें त्याच बैठकींत त्याचा स्वीकार करावा, साक्षीदारांनीं तें शब्द कानांनीं ऐकावे, आणि वधूस द्यावयाचा मेहेर ठरावा, इतकें झालें कीं विवाह सिद्ध झाला. आमच्या वाचकांपैकीं जे पेढीवर बसतात त्यांस करार म्हणजे काय हें आम्हीं शिकवावें असें नाहीं. चुलत्यानें पुतण्याच्या नांवावर परस्पर सौदा करावा आणि पुतण्यानें ‘मला हें मान्य नाहीं’ म्हटल्यावरहि त्याच्या माथीं माल मारावा, ही गोष्ट कोणत्याहि बाजारांत चालत नाहीं. १८७२ च्या करार-कायद्यानें तर धाक, फसवणूक किंवा वरचढपणाचा गैरवाजवी दाब ह्यांच्या योगें मिळविलेली संमति ही खरी संमतिच नव्हे, असें स्पष्ट लिहून ठेवलें आहे. मग पंचवीस पोतीं साखरेच्या सौद्यांत जो न्याय आपण डोळ्यांत तेल घालून जपतों, तोच न्याय एका माणसाच्या सबंध आयुष्याच्या सौद्यांत आपण कां विसरतों?

प्रसंग सर्वांच्या ओळखीचा आहे. मुलगी वयांत आलेली, शिकलेली, कदाचित् शाळेंत शिकविणारी किंवा दवाखान्यांत काम करणारी असते. मुलगा त्याच धर्माचा, निर्व्यसनी, पोटापुरतें मिळविणारा असतो. दोघेंहि राजी असतात. परंतु बाप म्हणतो, ‘मी परवानगी देत नाहीं’. भाऊ म्हणतो, ‘आमच्या बिरादरींत हें बसत नाहीं’. आणि काजीसाहेब, ‘वली राजी नसतां मी निकाह कसा पढवूं?’ म्हणून वही मिटतात. पुढें मुलीच्या बाहेर जाण्यावर बंदी येते, तिच्या हातांतील फोन जातो, घाईघाईनें दुसरें स्थळ पाहिलें जातें, आणि ह्या सर्व प्रकारास धर्माचें नांव दिलें जातें. धर्म खरोखर काय सांगतो व कायदा काय सांगतो, हें शांतपणें पाहण्याची म्हणूनच गरज आहे.

वली म्हणजे वधूचा पालक. प्रथम बाप, तो नसल्यास बापाचा बाप, मग भाऊ, मग बापाकडील इतर पुरुष नातलग. जिनें नऊ महिने पोटांत वाहिलें त्या आईचा क्रम हनफी पंथांत ह्या सर्वांच्या मागून लागतो, आणि शाफई, मालिकी व हंबली ह्या पंथांत तर तो लागतच नाहीं. ह्या वलीच्या अधिकाराविषयीं सुन्नी मुसलमानांच्या चार पंथांत प्राचीन काळापासून मतभेद आहे. शाफई, मालिकी व हंबली आचार्य म्हणतात कीं, स्त्री प्रौढ असली तरी तिचा निकाह वलीच्या द्वारेंच झाला पाहिजे. इमाम अबू हनीफा ह्यांनीं निराळें मत दिलें. शहाणी व वयांत आलेली स्त्री आपला निकाह आपण करूं शकते, असें ते म्हणाले. आणि त्यांची कोटि व्यापाऱ्यांस पटण्यासारखी आहे. जी स्त्री आपल्या मालमत्तेची खरेदी-विक्री स्वतःच्या सहीनें करूं शकते, तिला आपल्या देहाविषयीं व संसाराविषयीं निर्णय करण्याचा अधिकार नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें? इ. स. ७६७ मध्यें वारलेले हे थोर आचार्य कूफा शहरीं रेशमी कापडाचा व्यापार करीत असत, हें येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कराराचें मर्म त्यांस केवळ ग्रंथांतून कळलेलें नव्हतें.

महाराष्ट्रांतील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत. परंतु ठाणें, रायगड व रत्नागिरी ह्या किनाऱ्याच्या जिल्ह्यांतील कोंकणी मुसलमान, तसेच भटकळचे नवायत व मलबारचे मापिळे हे शाफई पंथाचे आहेत. म्हणून हा प्रश्न आमच्या प्रांतांत केवळ पुस्तकी नाहीं. देशावर एक नियम व घाटाखालीं दुसरा, अशी स्थिति आहे. आणि ती आजची नाहीं. १८६४ सालीं, म्हणजे मुंबईचें उच्च न्यायालय स्थापन होऊन दोनच वर्षें झालीं असतां, मुहंमद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद ह्या खटल्यांत हाच वाद न्यायासनापुढें आला. शाफई घराण्यांतील वयांत आलेल्या मुलीनें हनफी मत स्वीकारून बापाच्या संमतीवांचून निकाह केला तर तो वैध होतो, असा निर्णय न्यायालयानें दिला. ह्याची दुसरी बाजूहि पुढें स्पष्ट झाली. जुन्या शाफई ग्रंथकारांनीं बापास कुमारी कन्येचें लग्न तिला न विचारतां लावून देण्याची मुभा दिली होती. परंतु १९२८ सालीं मद्रासच्या व १९३९ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें ठरविलें कीं, वयांत आलेल्या शाफई मुलीचें लग्न प्रत्यक्ष बापानें लावलें तरी तिच्या संमतीवांचून तें टिकणार नाहीं. तात्पर्य, वलीची संमति हवी कीं नको ह्याविषयीं पंथापंथांत भेद असेल. पण वधूची संमति हवीच, ह्याविषयीं आमच्या न्यायालयांपुढें आतां संदेह उरलेला नाहीं.

कोणी म्हणेल, हीं न्यायालयें परक्यांनीं स्थापिलेलीं, त्यांचा निर्णय धर्मास काय होय? तर मग धर्माच्याच आरंभाकडे पाहूं. माकिल बिन यसार नांवाचा पैगंबरांचा एक अनुयायी होता. त्याच्या बहिणीस नवऱ्यानें तलाक दिला, आणि मुदत संपल्यावर तोच पश्चात्ताप पावून पुन्हां मागणी घालावयास आला. बहीणहि राजी होती. पण भावाचा अभिमान आड आला व त्यानें शपथ घेऊन नकार दिला. तेव्हां स्त्रियांस त्यांच्या पसंतीच्या पतीशीं विवाह करण्यापासून अडवूं नका, अशी आज्ञा कुराणाच्या दुसऱ्या अध्यायांत उतरली, आणि माकिलनें आपली शपथ मोडून बहिणीचें लग्न लावून दिलें, अशी परंपरा आहे. खन्सा नांवाच्या स्त्रीचा निकाह बापानें तिच्या इच्छेविरुद्ध लावला, तो पैगंबरांनीं रद्द केला. दुसऱ्या एका मुलीस तिच्या बापानें आपल्या पुतण्याच्या पदरीं बांधलें होतें. तिची तक्रार ऐकून निर्णय तिच्या हातीं देण्यांत आला, तेव्हां ती म्हणाली कीं, बापानें केलें तें मी राहूं देतें, परंतु ह्या कामीं बापांस हुकूम चालविण्याचा हक्क नाहीं हें सर्व स्त्रियांस कळावें म्हणून मी आलें होतें. त्या मुलीचें नांव हदीसकारांनीं दिलेलें नाहीं. पण स्वतःचा लाभ बाजूस ठेवून तत्त्वासाठीं भांडणारी अशी मुलगी कोणत्याहि समाजास भूषणभूत होय.

वलीवांचून निकाह नाहीं, हें वचनहि हदीसांत आहे, आणि तें आम्ही लपवीत नाहीं. त्याचाच आधार घेऊन शाफई आचार्य आपला नियम बांधतात. परंतु त्यांनींच दुसराहि नियम सांगितला आहे. वली विनाकारण अडून बसला तर त्याचा अधिकार संपतो व काजी हा वधूचा वली होतो. म्हणजे ज्या पंथांत वलीचें महत्त्व सर्वांत मोठें, त्या पंथांतहि वली हा मुलीचा मालक नसून विश्वस्त आहे. आणि विश्वस्तानें ठेवीचा दुरुपयोग केला तर त्यास दूर करावयाचें, हा न्याय जगांतील सर्व कायद्यांत सारखाच आहे.

आतां आमच्या शहरांतून वधूची संमति कशी विचारली जाते तें पाहूं. बाहेर मंडपांत वऱ्हाड बसलेलें असतें. वकील म्हणून नेमलेला कोणी मामा किंवा चुलता दोन गवाहांसह आंत येतो. मुलगी मान खालीं घालून बायकांच्या गर्दींत बसलेली असते. अमक्याच्या मुलाशीं इतक्या मेहेरावर तुझा निकाह कबूल आहे काय, असें तो विचारतो. मुलगी रडते, किंवा गप्प बसते, किंवा शेजारची मावशी तिच्या वतीनें हुंकार देते. आणि ‘कबूल’ म्हणून बाहेर खबर जाते. कुमारीचें मौन ही संमति, हें वचन लाजाळू मुलीच्या सोयीसाठीं होतें. हनफी ग्रंथकारांनींहि त्यास मर्यादा घातली आहे. विचारणारा स्वतः वली किंवा त्यानें पाठविलेला माणूस असेल तरच मौन चालतें. त्रयस्थानें विचारलें तर तोंडानें उत्तर मिळालें पाहिजे. जेवणाच्या डेगी चढल्यावर, पाहुणे बसल्यावर आणि कार्यालयाचें भाडें भरल्यावर विचारलेला प्रश्न हा प्रश्न नव्हेच. त्या क्षणीं ‘नाहीं’ म्हणण्यास जें धैर्य लागतें तें शंभर पुरुषांत एकाजवळहि नसतें, मग अठरा-वीस वर्षांच्या मुलीपाशीं तें असावें ही अपेक्षा कोठची?

कुटुंबाच्या हरकतीचें खरें मूळ कोठें असतें, हेंहि स्पष्ट बोललें पाहिजे. हनफी शास्त्रानें प्रौढ स्त्रीस स्वातंत्र्य देऊन वलीस एक हरकत ठेवली आहे. वर बरोबरीचा नसेल, किंवा मेहेर तिच्या घराण्याच्या रीतीहून कमी असेल, तर वलीनें काजीकडे जावें. ह्या बरोबरीस कफाअत, म्हणजे जोड शोभणें, असें म्हणतात. आणि तींत कुळ, धंदा, संपत्ति व धर्मशीलता ह्या गोष्टी ग्रंथकारांनीं मोजल्या आहेत. परंतु ही हरकत काजीपुढें मांडावयाची आहे, काठी घेऊन नव्हे. आणि मूल जन्मास आल्यावर तर ती उरतच नाहीं. शिवाय ज्या धर्माच्या संस्थापकानें आपल्या आतेबहिणीचा विवाह झैद ह्या मुक्त केलेल्या गुलामाशीं लावून दिला, त्या धर्माच्या नांवानें सय्यदानें पिंजाऱ्यास, शेखानें बागवानास आणि पठाणानें तांबोळ्यास मुलगी देऊं नये असें सांगणें हें विलक्षण होय. ही अरबस्तानची शिकवण नव्हे. ही आमच्या मातींतील जातिभेदाची लागण आहे. मुसलमान समाजानें हिंदूंपासून पुष्कळ चांगल्या गोष्टी उचलल्या, त्यांत ही एक वाईट गोष्टहि उचलली.

ह्यावर वडील मंडळींचें एक म्हणणें असतें, आणि तें हसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. तरुण वय आंधळें असतें, मुली फसविल्या जातात, मुलाचें आधीं एक लग्न झालेलें असतें, तो कर्जांत बुडालेला असतो, आणि शेवटीं रडत माहेरींच यावें लागतें, असें ते म्हणतात. हें सर्व घडतें हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु ह्या रोगावर औषध चौकशी हें आहे, कुलूप हें नव्हे. बापानें मुलाच्या गांवीं जावें, त्याचा पगार, त्याचें कर्ज, त्याचें पूर्वीचें लग्न ह्यांची माहिती काढावी व ती मुलीपुढें ठेवावी. मेहेर नांवापुरता न ठेवतां तो तिच्या हातीं पडेल अशी तजवीज करावी. निकाहनाम्यांत अटी घालण्याची मुभा शास्त्रानें दिली आहे, तिचा उपयोग करावा. असा सल्ला देणाऱ्या बापाचें कोणती मुलगी ऐकणार नाहीं? ज्या घरांत सल्ल्याची जागा हुकमानें घेतली तेथूनच मुली रात्रीं बाहेर पडतात. आणि बापानें निवडलेल्या वरांत फसवणूक होत नाहीं असें थोडेंच आहे? तेथें फसल्यावर तर दोष नशिबाचा होतो.

ह्या विषयावर गेल्या तीस वर्षांत दोन मोठे निर्णय झाले. १९९६ सालीं लाहोर शहरीं एका सधन घराण्यांतील तरुण मुलीनें बापाच्या मर्जीविरुद्ध निकाह केला, आणि आश्रयासाठीं ती अस्मा जहांगीर ह्या प्रसिद्ध वकीलबाईंच्या आश्रयगृहीं गेली. बापानें न्यायालयांत सांगितलें कीं, वलीवांचून हा निकाहच नव्हे. १९९७ सालीं लाहोरच्या उच्च न्यायालयानें दोन विरुद्ध एक अशा बहुमतानें तो निकाह वैध ठरविला, आणि २००३ सालीं पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. धर्माच्या नांवानें स्थापन झालेल्या राज्यांत हें घडलें. उलट आमच्या निधर्मी राज्यांत २०१७ च्या मे महिन्यांत केरळच्या उच्च न्यायालयानें, स्वेच्छेनें इस्लाम स्वीकारून मुसलमान तरुणाशीं निकाह केलेल्या एका प्रौढ मुलीचा विवाह रद्द केला व तिला आईबापांच्या हवालीं केलें. विवाहासारखा निर्णय आईबापांच्या सहभागानेंच व्हावा, असें त्या न्यायालयाचें म्हणणें. वलीचा सिद्धांत ह्याहून निराळा तो काय? फरक इतकाच कीं, येथें तो हिंदु बापाच्या बाजूनें बोलला गेला. ८ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शफीन जहाँ खटल्यांत तो निर्णय फिरवून विवाह पुनः स्थापित केला, आणि सज्ञान व्यक्तीनें जोडीदार निवडणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे असें बजावलें. त्याच महिन्यांत शक्तिवाहिनी खटल्यांत, सज्ञान जोडप्यांच्या विवाहांत ढवळाढवळ करणाऱ्या जातपंचायती बेकायदेशीर ठरवून अशा जोडप्यांस संरक्षण देण्याचे आदेश राज्यांस दिले गेले.

म्हणून आमच्या हिंदु वाचकांनीं हा लेख दुसऱ्याच्या घरची कथा म्हणून वाचूं नये. सगोत्र, पोटजात, पत्रिका व प्रतिष्ठा हीं आमच्याकडील वलीचीं निरनिराळीं नांवें आहेत. १९५४ च्या विशेष विवाह-कायद्यानें तीस दिवसांची जाहीर नोटीस ठेवली आहे. हरकतीचीं कारणें कायद्यानें ठराविक असलीं तरी प्रत्यक्षांत ती नोटीस पळून आलेल्या जोडप्याचा पत्ता नातलगांस कळविण्याचें साधन होऊन बसते, आणि ही अडचण सर्व धर्मांच्या मुलींस सारखीच नडते.

एका गोष्टींत मात्र पालकाच्या अधिकाराविरुद्ध कायद्यानें पूर्वींच पाऊल टाकलें आहे. जुन्या हनफी नियमाप्रमाणें बापानें किंवा आजानें लहानपणीं लावून दिलेलें लग्न मुलीस वयांत आल्यावर सामान्यतः मोडतां येत नसे. १९३९ च्या मुसलमान विवाह-विच्छेद कायद्यानें ती अडचण दूर केली. पंधरा वर्षांच्या आंत पालकानें लग्न लावलें असेल, व पतिपत्नीसंबंध घडला नसेल, तर अठरा पुरीं होण्यापूर्वीं तें नाकारण्याचा हक्क मुलीस मिळाला. हा कायदा त्या वेळच्या उलेमांच्याहि पाठिंब्यानें झाला, हें सुधारणा म्हणजे धर्मद्रोह असें समजणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें. इतर मुसलमानी देशहि स्वस्थ बसलेले नाहींत. ट्यूनिसियानें १९५६ सालीं प्रौढ स्त्रीच्या स्वतःच्या संमतीवर विवाह उभा केला. मालिकी पंथाच्या मोरोक्कोनें २००४ सालीं वली ठेवावा कीं नाहीं हें प्रौढ स्त्रीच्या इच्छेवर सोंपविलें. आणि शाफई पंथाच्या मलेशियांत वली विनाकारण अडला तर शरियत न्यायालय त्याच्या जागीं सरकारी वली देतें. तेथील मुसलमान ह्यामुळें कमी मुसलमान झाले असें कोणी म्हणत नाहीं.

आमच्या प्रांतांतहि ही हांक नवी नाहीं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई ह्यांनीं १९६६ च्या एप्रिलांत सात मुसलमान भगिनींचा मोर्चा मुंबईस सचिवालयावर नेला, आणि १९७० सालीं पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. त्यांच्या सर्वच मतांशीं कोणी सहमत व्हावें असें नाहीं. परंतु स्त्रीस तिच्या स्वतःच्या संसारांत मत असावें, ही मागणी तरी कोणास अमान्य व्हावी?

आतां करावयाचें काय, तें आम्ही थोडक्यांत सांगतों. ह्यांतील बहुतेक गोष्टींस नव्या कायद्याची गरज नाहीं. जमातीच्या एका बैठकींत त्या होण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट, वधूची संमति निकाहाच्या दिवशीं नव्हे, तर निदान आठ दिवस आधीं, घरच्या पुरुषांच्या गैरहजेरींत, एखाद्या जाणत्या स्त्रीनें विचारावी व मुलीच्या सहीनें लिहून घ्यावी. दुसरी, वलीस हरकत असेल तर त्यानें ती लेखी व कारणांसह काजीकडे द्यावी. जात, बिरादरी किंवा हुंडा हें कारण काजीनें ऐकूंच नये. तिसरी, शाफई जमातींत बाप विनाकारण अडला तर काजीनें स्वतः वली होऊन निकाह पढवावा. हा अधिकार त्यास त्याच्याच पंथानें दिलेला आहे. तो न वापरणें हें सौजन्य नसून कर्तव्यच्युति आहे. काजी मागें हटला तर १८८० चा काजी-कायदा स्पष्ट सांगतो कीं, त्या कायद्यानें नेमलेल्या काजीची हजेरी निकाहास अवश्य नाहीं. चौथी, प्रत्येक निकाहाची नोंद १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह-नोंदणी कायद्याप्रमाणें करावी, म्हणजे पुढें ‘असा निकाह झालाच नव्हता’ असें म्हणावयास जागा राहणार नाहीं. पांचवी, सज्ञान मुलीनें पोलिसांपुढें ‘मी माझ्या मर्जीनें आलें आहें’ असें सांगितल्यावर तिला नातलगांच्या हवालीं करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं, हें प्रत्येक ठाण्यांतील अंमलदारास ठाऊक असावें. अठरा वर्षांखालील मुलीची गोष्ट निराळी. तिचें लग्न बापानें लावलें काय किंवा तिनें केलें काय, २००६ च्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्याचें धोरण त्याच्या आड येतें, आणि तें योग्यच आहे.

बापाचा मान कमी व्हावा अशी आमची इच्छा नाहीं. मुलीच्या निकाहांत बाप पुढें बसावा, त्याचे आशीर्वाद तिला मिळावे, आणि उद्यां संसारांत अडचण आली तर तिच्या पाठीशीं माहेर उभें असावें, हें आम्हांस इष्टच वाटतें. परंतु तो मान मुलीनें प्रेमानें द्यावयाचा आहे. बापानें तो कुलुपाच्या किल्लीनें वसूल करावयाचा नाहीं. ज्या घरीं मुलीला ‘नाहीं’ म्हणतां येतें, त्याच घरांतील तिच्या ‘कबूल’ ह्या शब्दास कांहीं किंमत आहे.